भिंतीवरच्या माणसांची नावे

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या शहरातील एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहाची गेल्या उन्हाळ्यात रंगरंगोटी झाली. त्यासाठी भिंतीवरची अकरा तैलचित्रे उतरवून मागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवली होती. दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा टांगायची वेळ आली, तेव्हा त्यांपैकी चार चित्रांतल्या व्यक्ती कोण, हे कार्यकारिणीतल्या कोणालाही सांगता येईना. नावांच्या पितळी पट्ट्या चित्रांच्या चौकटींवर नव्हत्या, त्या भिंतीवर ठोकलेल्या होत्या. रंगाऱ्यांनी त्या काढून एका डब्यात टाकल्या. डबा सापडला, पट्ट्याही सापडल्या, पण कोणती पट्टी कोणाची हे ठरवणारे माणूस उरलेले नव्हते. मी शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ चित्रकला शिकवली असल्यामुळे मला बोलावणे आले. त्या दुपारी जे पाहिले त्यामुळेच हे पत्र लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण तिच्या मंडळींचा हेतू वाईट नव्हता आणि अशीच अवस्था मी नागपुरातल्या इतरही शाळांत आणि सभागृहांत पाहिली आहे.

चारही चित्रांतली माणसे एकाच पिढीतली, त्यामुळे पोशाखावरून काही उलगडेना. सर्वांच्या डोक्यावर पागोटे, अंगात बंद गळ्याचा कोट आणि खांद्यावर उपरणे. तीन चित्रांचा उलगडा जुन्या अहवालांतील छायाचित्रांवरून झाला. चौथे चित्र मात्र कशाशीच जुळेना. मग एका सभासदाने त्या संस्थेच्या एका आद्य देणगीदाराच्या नातीला, वयाने ऐंशी ओलांडलेल्या आजींना, रिक्षाने आणले. त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे आमचे आजोबा नव्हेत." आम्ही चित्र बाजूला ठेवणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. खुर्चीच्या हातावर टेकलेल्या डाव्या पंजाची करंगळी पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली होती. आजी पुढे सरकल्या, आपला हात त्या रंगवलेल्या हाताच्या अगदी जवळ नेला, पण लावला नाही. "लहानपणी झाडावरून पडले होते. बोट नीट बसलेच नाही कधी. हात त्यांचाच आहे." आणि मग त्या पुन्हा चेहऱ्याकडे पाहू लागल्या, जणू त्या चेहऱ्याने त्यांना फसवले होते.

खरोखरच फसवले होते. चित्र खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरले, तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंतचा रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा जाड आणि चकाकता दिसला. काही वर्षांपूर्वी चेहऱ्यावरचा रंग पोपडे धरून सुटू लागला, म्हणून संस्थेने तो एका पाट्या रंगवणाऱ्या कारागिराकडून इनॅमलने रंगवून घेतला होता. त्या कारागिराने या गृहस्थांना कधी पाहिले नव्हते. त्याने प्रतिष्ठित माणसाचा चेहरा जसा असावा असे त्याला वाटले तसा काढला: नाक सरळ, दोन्ही डोळे सारखे, गाल भरलेले, रंग उजळ. आजींनी सांगितले की आजोबांची उजवी पापणी किंचित झुकलेली असे आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. मूळ चित्रकाराने ते दोन्ही टिपले असणार, कारण ज्याने करंगळीचे वाकलेले पेर सोडले नाही तो झुकलेली पापणी कशी सोडेल? कारागिराचा कुंचला हातापर्यंत आला नाही, म्हणून तेवढा हात वाचला.

व्यक्तिचित्र म्हणजे नेमके काय, याचे इतके स्पष्ट उत्तर मला कोणत्याही वर्गात मिळाले नव्हते. माणसाची ओळख त्याच्या चेहऱ्यातील त्या जागांत असते जिथे तो चेहरा नमुन्यापासून ढळतो. नाक, कान, ओठ यांचे ठरावीक आकार आम्ही शिक्षक फळ्यावर काढून दाखवतो, ते केवळ हाताला वळण लागावे म्हणून. समोर बसलेल्या माणसाचे नाक त्या आकारापासून कुठे आणि किती वेगळे आहे, हे पाहण्यात चित्रकाराच्या बैठकीमागून बैठकी जातात. ते वेगळेपण खोडून काढले की उरतो तो पागोटे घातलेला कोणीही गृहस्थ.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. भासाच्या 'प्रतिमा' नाटकात आजोळहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो. ओळीने उभ्या असलेल्या मूर्ती देवांच्या समजून तो नमस्कार करू लागतो, तेव्हा तिथला देवकुलिक, म्हणजे प्रतिमागृह सांभाळणारा माणूस, त्याला थांबवतो आणि एकेका राजाचे नाव सांगतो. दिलीप, रघु, अज आणि शेवटी दशरथ. प्रतिमागृहात जिवंत राजांच्या मूर्ती ठेवत नाहीत हे कळते, तेव्हाच भरताला वडील गेल्याचे समजते. मी हा प्रवेश अनेकदा वाचला होता, पण त्या दुपारनंतर पुन्हा वाचताना जाणवले की तिथे सगळा भार देवकुलिकावर आहे. सांगणारा माणूस होता म्हणून मुलाला बाप ओळखता आला. आमच्या सभागृहांतले देवकुलिक आता एकेक करून निघून चालले आहेत.

याच्या अगदी उलट गोष्ट जुन्नरजवळच्या नाणेघाटात पाहायला मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा भिंतीवर कोरल्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत नाव कोरले. आज त्या प्रतिमांतले पायांचे अवशेष तेवढे राहिले आहेत. चेहरा एकाचाही नाही. पण सिमुक सातवाहन कुठे उभा होता, राणी नायनिका आणि सातकर्णी कुठे होते, हे आपण सांगू शकतो, कारण कोणीतरी नाव प्रतिमेच्या डोक्यावरच कोरून ठेवण्याची काळजी घेतली. वाचनालयात आमच्यापाशी चेहरे होते आणि नावे डब्यात होती. नाणेघाटात नावे दगडावर आहेत आणि चेहरे गेले आहेत. दोन्ही एकत्र राहणे किती दुर्मीळ, आणि ते साधायला किती थोडे कष्ट लागतात, हे मला वाचकांपुढे ठेवायचे आहे.

नाव सुटले की चित्र दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, याचे मराठी माणसाला परिचित असलेले उदाहरण म्हणजे हातात निरांजन धरलेल्या स्त्रीचे चित्र. त्याच्या प्रती कित्येक घरांच्या बैठकीत टांगलेल्या असतात आणि दहापैकी आठ जण ते राजा रविवर्म्याचे आहे असे छातीठोकपणे सांगतात. वस्तुतः रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हे जलरंगातले चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी काढले. ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता निरांजन धरून उभी राहिली होती. वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या वारल्या. एका खऱ्याखुऱ्या मराठी मुलीचे आणि तिच्या वडिलांचे हे चित्र, आणि तेच चित्र घराघरांत लावणाऱ्यांना दोघांचीही नावे ठाऊक नाहीत. चेहऱ्यावर खालून पडलेला ज्योतीचा उजेड, बोटांच्या फटींतून झिरपणारी लाली, हे सगळे लोकांनी डोळे भरून पाहिले, पण 'ही कोण?' असे विचारले नाही.

शिवछत्रपतींच्या चित्राची गोष्ट तर याहून मोठी आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचे चित्र उजेडात आणले, तोपर्यंत भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. ज्या पुरुषाचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे त्याच्याही चेहऱ्याच्या बाबतीत असे घडू शकते, तर गावातल्या वाचनालयाला दोन एकर जमीन देणाऱ्या गृहस्थांची काय कथा!

आता चेहरा 'सुधारण्या'बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला त्याची अधिक चिंता वाटते. नाव हरवले तर शोधता येते. बदललेला चेहरा मात्र लोकांना आवडतो आणि म्हणून कोणी तक्रार करत नाही. मी सहावीच्या वर्गाला दरवर्षी आरसा पाहून स्वतःचे चित्र काढायला सांगत असे. मुले पेटीतून सर्वप्रथम एकच खडू उचलत. त्या फिकट गुलाबी खडूला सगळी 'स्किन कलर' म्हणतात. आमच्या वर्गात त्या रंगाचे एकही मूल नव्हते. एका वर्षी एका मुलीने स्वतःचा चेहरा त्या गुलाबी रंगात रंगवला. आरशात आणि कागदावर आळीपाळीने पाहिले आणि मला विचारले, "सर, माझा रंग कोणत्या खडूचा आहे?" मी तिच्याजवळ बसलो आणि जलरंगाच्या पेटीतला बर्न्ट सिएना, थोडा यलो ऑकर आणि सावलीसाठी अगदी टोकावर घेतलेला अल्ट्रामरीन असे मिसळून दाखवले. तिने तो रंग आपल्या मनगटाला लावून ताडून पाहिला. कातडीवर तो जवळजवळ दिसेनासा झाला. तिच्या तोंडावर जे हसू आले ते मी विसरलेलो नाही. पुढे कित्येक वर्षे मी त्या धड्याची सुरुवात खडूंच्या पेट्या बंद करूनच केली.

म्हणून आज घरोघरी जे चालले आहे ते पाहून मन अस्वस्थ होते. घरातले माणूस गेले की तेराव्यासाठी फोटो मोठा करायला स्टुडिओत दिला जातो. फोटो परत येतो तेव्हा आजीचा सावळा रंग गोरा झालेला असतो, गालावरच्या सुरकुत्या पुसलेल्या असतात, शेतावर जन्म काढलेल्या आजोबांच्या अंगात कधीही न घातलेला सूट असतो आणि पाठीमागे बर्फाचे डोंगर असतात. पूर्वी हे काम कारागीर कुंचल्याने करत, पुढे संगणकावर होऊ लागले आणि आता मोबाइलमधले अॅप निमिषात करून देते. ही यंत्रे हजारो चेहरे पाहून सरासरी चेहरा शिकलेली असतात. जुन्या फोटोत जिथे काही दिसत नाही तिथे ती आपल्या आजीचा नव्हे, तो सरासरी डोळा बसवतात. कुटुंबाला वाटते की फोटो स्वच्छ झाला. प्रत्यक्षात त्या वाचनालयातल्या इनॅमलचेच काम अधिक सफाईने झालेले असते. पंचवीस वर्षांनी जन्मणाऱ्या पणतीला तोच चेहरा खरा वाटेल, आणि आपले नाक कोणावर गेले हे तिला त्या फोटोत कधीच सापडणार नाही.

ज्यांनी ही कला मनापासून केली त्यांनी असत्याचा आधार घेतला नाही. १६१८ मध्ये जहांगीर बादशहाचा इनायत खान हा सरदार अफू आणि मद्याने पोखरून मरणाच्या दारी पोहोचला, तेव्हा त्याला पालखीतून दरबारात आणले गेले. हाडांवर ताणलेले कातडे एवढेच त्याचे शरीर उरले होते. बादशहाने चित्रकारांना त्याचे चित्र काढण्याचा हुकूम दिला, आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. त्या प्रसंगाचे रंगचित्र आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. उशांना टेकलेला तो देह, उघड्या छातीच्या मोजता येणाऱ्या फासळ्या आणि कुठेच न पाहणारे डोळे पाहवत नाहीत. पण चारशे वर्षांनंतरही तो इनायत खानच आहे, दुसरा कोणी नाही. बादशहाच्या त्या हुकमात कठोरपणा होता असे मला वाटते, तरी चित्रकाराच्या हातात तो नव्हता. त्या हाताने मरणाऱ्या माणसाकडून काहीही हिरावून घेतले नाही.

ओळख ही एकच आणि ठाम वस्तू आहे असेही मी म्हणत नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती चित्रे आहेत, एक पुरुषवेशातील नारायणराव राजहंसांचे आणि दुसरे स्त्रीभूमिकेतले. मी तरुणपणी त्या दोन चित्रांमध्ये कितीतरी वेळ येरझाऱ्या घातल्या होत्या. खरे बालगंधर्व कोणते, या प्रश्नाचे उत्तर देऊसकरांनी एका चित्रात कोंबले नाही. त्यांनी दोन्ही रंगवली आणि दोन्हींना सारखाच मान दिला. माणूस जे रूप स्वतः निवडतो, आयुष्यभर मेहनतीने घडवतो, तेही त्याचेच असते.

आपल्या नागपूरला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. संविधान चौकातून जाणारे शाळकरी मूलसुद्धा पाटी न वाचता पुतळा ओळखते. तो कोट, तो चष्मा, काखेतले पुस्तक ही बाबासाहेबांनी स्वतः निवडलेली ओळख होती आणि ज्या समाजाला अंगभर नीट वस्त्र नेसण्याचीही मुभा नव्हती त्या समाजाने ती आपली मानली. नागपूरजवळच्या चिचोलीतील शांतिवन संग्रहालयात जपून ठेवलेले त्यांचे कपडे पाहताना लोक जसे स्तब्ध होतात, तसे मी कोणत्याही चित्रदालनात पाहिलेले नाही. म्हणूनच, शेतकरी आजोबांना सूट चढवणे आणि बाबासाहेबांचा सूट रंगवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक त्या माणसाने निवडलेले असते, दुसरे त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी त्याच्यावर चढवलेले.

आता काही व्यावहारिक गोष्टी. नागपूरचा उन्हाळा तैलचित्रांचा शत्रू आहे हे आपण जाणतो, पण त्यावर आपण जो उपाय करतो तो अधिक घातक ठरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा सभागृहात वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लागतात. कूलरची ओली हवा चित्रावर येते तेव्हा कापड ओलावा धरते, कार्यक्रम संपला आणि कूलर बंद झाला की पुन्हा कोरडे पडते. कापड असे दिवसातून दोनदा हलत राहते आणि त्यावरचा वाळून कडक झालेला जुना रंग त्याच्याबरोबर हलू शकत नाही. तो तडकतो आणि पोपडे सुटतात. वाचनालयातले ते चित्र कूलरच्या थेट समोर होते, आणि त्याचा चेहरा तिथेच गेला. चित्र कूलरसमोरून हलवायला एक खिळा आणि दहा मिनिटे पुरली असती. ओले फडके, कापलेला बटाटा किंवा थिनर यांनी चित्र पुसण्याची पद्धतही सोडली पाहिजे. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकणे, एवढेच सामान्य माणसाचे काम. पुढचे काम चित्रसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे. तोपर्यंत पोपडे सुटलेला चेहरा तसाच ठेवलेला बरा, कारण अर्धा का होईना, तो त्या माणसाचा असतो.

नावे लिहिण्याचे काम त्याहून सोपे आहे. कॅनव्हासच्या पाठीवर शाईने लिहू नये, शाई झिरपून पुढे उमटण्याची भीती असते. मागच्या लाकडी चौकटीवर मऊ पेन्सिलीने व्यक्तीचे नाव, चित्रकाराचे नाव, वर्ष आणि चित्र कोणी दिले हे लिहावे आणि तीच माहिती जाड कागदावर लिहून तो कागद चौकटीला सुती दोऱ्याने बांधावा. जे माहीत नसेल तिथे जागा कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये. प्रत्येक चित्राचे पुढून आणि मागून छायाचित्र काढून संस्थेच्या दप्तरी ठेवावे.

हे काम एकेकट्या संस्थेकडून होईल असे मला वाटत नाही. १८६३ पासून ज्याने या शहराचा ठेवा सांभाळला ते आपले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच सर्वांचा अजब बंगला, आणि शासकीय चित्रकला महाविद्यालय यांनी मिळून नागपुरातील शाळा, वाचनालये, नाट्यगृहे आणि जुन्या वाड्यांतील व्यक्तिचित्रांची एक नोंदवही तयार करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. जुनी चित्रे हाताळताना एखाद्या अनोळखी चित्रकाराने नाकाच्या बाजूची सावली कशी बसवली, पागोट्याच्या घड्या किती मोजक्या फटकाऱ्यांत उरकल्या, हे त्यांना जे शिकवेल ते कोणतेही पुस्तक शिकवणार नाही. महालातल्या चितार ओळीतील कारागिरांनाही यात सामील करून घ्यावे. रंग आणि चेहरा यांची पिढीजात जाण त्यांच्याकडे आहे, आणि कोणते चित्र कोणाच्या हातचे हे त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांकडून कळण्याचा संभवही आहे. आपल्या वृत्तपत्राने आठवड्यातून एकदा एका अनोळखी व्यक्तिचित्राचे छायाचित्र छापून 'यांना कोणी ओळखते का?' असे विचारले, तर कोणत्या ना कोणत्या घरातल्या आजी-आजोबांकडून उत्तर येईल याची मला खात्री वाटते. मात्र ज्यांना ही उत्तरे ठाऊक आहेत ती माणसे ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, म्हणून ही विनंती पुढच्या वर्षावर टाकू नये.

वाचनालयातल्या त्या चित्राखाली आता योग्य पट्टी लागली आहे, आणि ती चौकटीवरच लावली आहे. चेहऱ्यावरचे इनॅमल काढता येईल का, याची विचारणा कार्यकारिणीने जाणकारांकडे केली आहे. आजींनी त्यांच्या घरातला एक लहान फोटो शोधून आणून दिला, त्यात झुकलेली पापणी स्पष्ट दिसते. ज्या संस्थांकडे अशी नाव हरवलेली चित्रे असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. मी शनिवार-रविवारी कॅमेरा आणि पेन्सिल घेऊन स्वतः येईन. शिडी तेवढी संस्थेने द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
महाल, नागपूर